वाकळीचं पलीकडचं अंग

पूर्णा स्टेशनच्या मुसाफिरखान्यात एक म्हातारी फरशीवर वाकळ पसरून शिवत होती. परभणीच्या गाडीला उशीर होता. बाकावरच्या एका बाईला तिनं हाक मारली.

"बाई, जरा त्या अंगाला बसता का? एकटीनं शिवताना वाकळ गोळा व्हायलीय."

"बसते की मावशी. हा खाकी तुकडा कशाचा?"

"मालकाच्या डगल्याचा. निजामाच्या रेल्वेत होते."

"अन् हा हिरवा?"

"माझ्या जावंच्या, कोकिळाच्या लुगड्याचा. तीस वरसं कोकिळाच समोर बसायची. पोराची सिकंदराबादेला बदली झाली, त्याच्या संगं गेली."

"खत येतं का तिचं?"

"एक आलं. हितं रजया इकत मिळतात, म्हनून लिवलं."

बाईनं आपल्या बाजूची सुई उचलली आणि हिरव्या तुकड्यावर दोन टाके घातले.

"तुमचा टाका बारीक हाय. तिचा लय मोठा असायचा, मी भांडायची."

"गाडी आली बघा. उठा मावशी, वाकळ मी धरते."

"तुमी जावा. मला कुठं जायचं न्हाई."

"मग हितं कशापायी बसलाव?"

"घरी समोर कोन बसतंय? सुई तशीच राहू द्या बाई. हिंगोलीच्या गाडीची मानसं येतीलच आता."