पांढरी लाँच कोणी बुडवली याबद्दल

दप्तरातले नाव वर लिहिले आहे, पण बेटावर मला जाळीवाली म्हणतात. वय एक्केचाळीस, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, राहणार धक्क्यामागची गल्ली. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून, कोणी न पढवता सांगते ते असे.

जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती माझी सख्खी नणंद. होड्या बांधणे हा तिचा धंदा. आम्हा दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. तेव्हा मी घरच्या माणसाची बाजू घेते असे कोणी समजू नये.

तक्रारदार पलीकडच्या किनाऱ्यावर राहतात. त्यांची पांढरी लाँच आमच्या धक्क्याला असते. चक्रीवादळ आले त्या दिवशी माझ्या नणंदेने ती मुद्दाम बुडवली, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे. बुडवली तिने, आत दगड टाकले मी.

मोठे वादळ येणार असले की आमच्याकडे होडी धक्क्याला बांधून ठेवत नाहीत. बांधलेली होडी आपटून फुटते. म्हणून ती बेटाच्या आतल्या उथळ पाण्यात नेतात, बुडाचे बूच काढतात आणि दगड भरून तळाला बसवतात. मग वरून वारा काय वाटेल तो धिंगाणा घालो. वादळ सरले की दगड काढायचे, पाणी उपसायचे. आमच्या पणजोबांपासून हे चालत आले आहे. लाँचच्या मालकांना हे कोणी सांगितले नव्हते ही आमची चूक. जगात सगळेच असे करतात, असे आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी फोन लावून पाहिला, लागला नाही.

बुडवण्याचे काम नणंदेकडे असते, आणि बुडवणाऱ्याची स्वतःची होडी शेवटी जाते. दुपारी धक्क्याला दोनच राहिल्या, तिची होडी आणि ही लाँच. वारा चढला होता. मी म्हटले, "वन्सं, आता आपली घ्या. लाँचवाल्याचं तो बघून घेईल."

ती म्हणाली, "तो कुठून बघणार? तो इथं नाही, आपण आहोत. धर ते टोक."

लाँचचे इंजिन आम्ही बांबूला टांगून तिच्या घरी नेले. तिने ते आपल्याच गादीत गुंडाळले. मग लाँच आत नेऊन बुडवली. परत आलो तोवर लाटा धक्क्यावरून येत होत्या, तिच्या होडीपर्यंत पोचता आले नाही.

सकाळी त्या होडीच्या फळ्या शाळेच्या पटांगणात सापडल्या. ती तिने माझ्या सासऱ्यांबरोबर बांधलेली पहिली होडी होती. एक फळी उचलून तिने उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "चला, यंदा रंगवायचं काम वाचलं." मग ती लाँच उपसायला गेली. मी तोंड फिरवून रडले. तिच्यासमोर रडायची मला सवय नाही.

लाँचला गाळ लागला आहे व एका बाजूला ओरखडा आहे. इंजिन चालू आहे. वादळानंतर बेटावर पिण्याचे पाणी आणि औषधे याच लाँचमधून आली. गुन्हा नोंदला गेला तर नणंदेचा होड्या बांधायचा परवाना जाईल, असे मला साहेबांनी सांगितले. तसे झाले तर बेटाने फुटलेल्या होड्या घेऊन कोणाच्या दारात जायचे तेही साहेबांनीच सांगावे. तिच्यासारखी बाई मी पाहिलेली नाही. हे मी तिच्या तोंडावर जन्मात म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून घ्यावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'लाँच बुडवून नुकसान केले' असे आले होते. ते माझे बोलणे नाही. ते खोडून 'लाँच बुडवून वाचवली' असे लिहिल्यावर मी सही केली.