बन्सीलालच्या पोटातला मासा

—तापीमाईची शपथ आप्पा, मासाच होता. एवढा. बरं, एवढा नसेल, एवढा धरा. पण जिवंत! डॉक्टरनं चिमट्यात धरला तरी शेपटी हलवत होता, या डोळ्यांनी पाहिलं मी — म्हणजे डोळे मिटलेले होते, कमरेखाली भूल दिलेली आणि मला पालथा पाडलेला, पालथ्या माणसाला काय दिसणार कपाळ — पण कानावर आलं ना. पाण्यात टाकला तेव्हा चुळुक झालं. बठा ना आप्पा, उभे का? खुर्ची ओढा. खुर्ची नको? मग इथं पलंगावर बठा, मी पाय घेतो. हेही नको? बरं. राहा उभे. मला मेलं उठून तुमचं स्वागत करता येत नाही, कुशीवर पडून बोलतोय, राग मानू नका. दुखलं का म्हणता? छे! मुंगी चावली तेवढं. मुंगी पण लाल नाही, काळी.

सरला, आप्पांना शेवभाजी वाढ गं! काय? शेवभाजी नको? आमच्या हिच्या हातची शेवभाजी खायला लोक लिंबायतहून येतात, आणि तुम्ही नुसता वासावर मान हलवता? तिखट नको. बरं. हे पाहा आप्पा, मी काही दूधखुळा नाही. लूमपाशी उभं राहून केस पिकले माझे, धागा तुटायच्या आधी मला कळतं की आता तुटणार. तुम्ही चेतनरावांचे, आमच्या होणाऱ्या जावयाचे, सख्खे मामा. आमच्या गायत्रीची सुपारी फुटली तेव्हा याच खोलीत मांडी घालून बसला होतात, ताटातली शेवभाजी दोनदा मागून घेतली होती, मला आठवतंय. आणि आज? भेस्तानहून डिंडोलीला भर दुपारी, न कळवता, हातात पिशवी, बसायचं नाही, खायचं नाही — आणि म्हणे तब्येत विचारायला आलो! आपल्यात उभ्या उभ्या कोण येतो? नातं मोडायला येतो तो. ती पिशवी तर तुम्ही अशी छातीशी धरलीय, की मला न बघता कळतं आत काय आहे. आम्ही दिलेली साडी आणि नारळ. परत करायला आणलंय ना? बोला ना. पिशवी मागं घेतलीत. बरं, राहू द्या.

बाथरूममध्ये डोकावलात तेही पाहिलं मी. हात धुवायला गेलात आणि टबापाशीच थांबलात. तो टब मासा ठेवायला नाही आप्पा! त्यात मी बसतो. कोमट पाणी, लाल दवा टाकलेली, आणि त्यात मी, देवळातल्या कासवासारखा. पोटातून मासा काढला तर टबात कशाला बसायचं, असं तुम्ही मनात म्हणताय. म्हणा. बरोबर आहे. तिथंच गोष्ट फसते माझी, सरलाही तेच म्हणाली.

ऐका मग. नाही नाही, आता शपथ घेत नाही, शपथेवाचून सांगतो. ऑपरेशन झालं त्या दिवशी शेजारच्या सुंदराबाई डबा घेऊन दवाखान्यात आल्या. बाई जालन्याकडची, सुरतेत नवीन, गुजरातीत 'केम छो'च्या पुढं काही येत नाही. तो कंपाउंडर दार उघडून सरलाला म्हणाला, "बेन, मसा काढी नाख्या, हवे शांती." म्हणजे काढून टाकले, आता आराम. आता तुम्ही भेस्तानवाले, तुम्हाला मसा म्हणजे काय ते कळतं. गुजरातीतला मसा म्हणजे आपली ती — जाऊ द्या, मी तोंडानं नाव घेत नाही, घरात पोरगी आहे. तर सुंदराबाईंनी मसा ऐकलं आणि त्यांना मासा समजला. बाई तशीच रिक्षात बसली, डिंडोलीला आली, आणि मी शुद्धीत यायच्या आत सगळ्या सोसायटीला ठाऊक — बन्सीलालच्या पोटातून मासा काढला! म्हणजे मी शुद्धीतच होतो, फक्त कंबर शुद्धीत नव्हती.

का नाही नाकारलं? वा! तुम्ही विचारता हे? मला घरी आणलं तेव्हा ओट्यावर सगळी सोसायटी उभी. बाया पदराआडून बघतायत, पोरं म्हणतायत, काका मासा कुठंय? रोज संध्याकाळी त्या ओट्यावर गोष्टी सांगणारा माणूस मी, आणि इथं गोष्ट आपल्या पायांनी चालत माझ्याकडं आलेली! एकीकडं मासा आणि दुसरीकडं ते — जे मी नाव घेत नाही ते. तुम्ही काय निवडलं असतं आप्पा? त्याचं नाव घेतलं असतं तर कारखान्यात जन्मभर मला त्याच नावानं हाक मारली असती. मी मासा निवडला. म्हटलं, लहानपणी आमच्या प्रकाशा गावी तापीत डुंबताना पाण्याबरोबर एक पिल्लू गिळलं गेलं असणार. ते पोटात वाढत राहिलं. मी खान्देश सोडून सुरतेला आलो, तर तेही आलं, माझ्या पोटात बसून, पॅसेंजरनं, बिनतिकीट. तापीचं पाणी प्यायलो की आत खळबळ करायचं, बोअरचं प्यायलो की रुसायचं. लोकांचे डोळे एवढाले झाले हो! सुंदराबाई तर म्हणाल्या, मीच पाहिला, चंदेरी होता. आता त्याच शपथ घेतात, तर मी कशाला मागं राहू?

मला काय ठाऊक तो मासा पोहत पोहत भेस्तानला जाईल! तुमच्या ताईंचं घर उपदेशी, महानुभाव पंथाचं, दंडवत प्रणाम घालून पाणी पिणारी माणसं. आम्हीही शाकाहारी आहोत असं मी सुपारीच्या दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तुमच्या समोरच. आणि आता बातमी काय, तर मुलीच्या बापाच्या पोटात मासा निघाला. ताईंना वाटणारच, न खाता निघतो का मासा? फोन बंद झाले. चेतनरावांचा फोन येतो, पण पोरगी गॅलरीत जाऊन बोलते आणि डोळे पुसत आत येते. काल मला म्हणाली, पप्पा, तुमच्या गोष्टीला लोक हसतात, माझं लग्न मोडलं तर कोण हसणार? आणि औषध माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेली. आप्पा, टाक्यांपेक्षा ते — टाके म्हणजे, टाके नाहीतच, मुंगी चावली म्हटलं ना.

काय म्हणालात? दुखलं का? परत तेच! दुसऱ्यांदा विचारताय. डॉक्टर कुठला, हात कसा आहे, दुखतं किती — माझ्या दुखण्यात तुम्हाला एवढा रस कशाला? कळलं, कळलं मला. त्या डॉक्टरकडं जाऊन खुंटा हलवून बघणार, खरंच मासा होता का. जा, विचारा! नव्हता! नव्हता मासा आप्पा, मूळव्याध होती! घ्या, घेतलं नाव. सरला, कान झाकू नको, होऊ दे. मूळव्याध होती, ती काढली, म्हणून टब, म्हणून कुशीवर, म्हणून ही मधे भोक असलेली उशी, सायकलच्या ट्यूबसारखी. जन्मभर उभ्यानं काम केलं, आता बसायला मिळालं तर बसता येईना. मच्छीचा काही संबंध नाही. या घरात अंडं आलेलं नाही. आता वास येतोय तो सुंदराबाईंच्या खिडकीतून येतोय, त्या बोंबील भाजतात, नाक तिकडं करा. मी मच्छीला कधी हातसुद्धा लावलेला नाही. कधी म्हणजे, ती एक कामरेजची वेळ सोडली तर. ती काही धरायची नाही. हायवेवर ढाबा होता, भूक लागली होती, आणि मी तर नकोच म्हणत होतो, पण चेतनराव म्हणाले, बाबा एकच तुकडा घ्या, काटा मी काढून देतो —

पाणी प्या आप्पा.

चेतनराव म्हणालो का मी? चेतनराव नाही. दुसरा होता. कारखान्यातला एक — त्याचंही नाव — सुरतेत चेतन काय कमी आहेत? असं बघू नका माझ्याकडं. पोराचा काही दोष नाही, गुणाचा पोरगा आहे, सासऱ्याला काटे काढून देणारा जावई कुठं मिळतो — अरे देवा. हसताय? तुम्ही हसताय? म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला! हसू नका आप्पा, तुम्ही हसलात की मला हसू येतं, आणि मला हसू आलं की — आई गं — थांबा.

पण तुम्ही का तोंड वाकडं केलंत? मी कळवळलो ते ठीक, मला कारण आहे. तुम्ही हसता हसता भिंत का धरली? आणि ही पिशवी पडली तुमची. राहू द्या, राहू द्या, वाकू नका — सरला, उचल गं. बघू. साडी नाही. नारळ नाही. उशी? छोटी उशी, टॉवेलात गुंडाळलेली. आप्पा. भेस्तानहून गाडीवर ही खाली घेऊन आलात? बसत नाही. तिखट खात नाही. डॉक्टर कुठला म्हणून विचारताय.

आप्पा हो! अहो मग दारातच बोलायचं ना! मी इथं पोरीचं लग्न मोडतंय म्हणून तासभर माझीच कबुली देत सुटलोय, आणि तुम्ही निव्वळ डॉक्टरचा पत्ता विचारायला आलात? घरी सांगितलं नाही. वहिनींना पण नाही? त्यांना काय सांगितलंत, कंबर धरलीय? वा. कंबर. तुम्ही माझ्यापेक्षा बरे, मासा तरी नाही काढलात.

ऐका, या, इथं कुशीवर टेका, त्या लोडावर, हां, डाव्या. उधन्याला, पुलाखालच्या गल्लीत, हाताचा हलका माणूस आहे. मी फोन करून ठेवतो. आणि तुम्ही ताईंना एवढंच सांगा, मी जाऊन बघून आलो, मासा नव्हता, मसा होता, बाईनं एक काना जास्त ऐकला. मूळव्याध म्हणून सांगा, खुशाल सांगा, हसू देत. संध्याकाळी ओट्यावर मीही माझ्या तोंडानं सांगतो. गेला मासा. चांगला होता हो, चंदेरी. पण पोरीपेक्षा मोठा नव्हता. तुमच्या कंबरेबद्दल मी कुठं बोलणार नाही, पत्ता कुणासाठी घेतला तेही नाही. आणि कामरेजचं ते — गायत्री, ऐकतेस ना आतून? — ते मी रचलं होतं! ढाबा, काटा, चेतनराव, सगळं रचलेलं! ऐकलंत आप्पा? रचलेलं. हसू नका म्हटलं ना.

निघालात? बरं. उशी घ्या. जिना सावकाश उतरा. आणि आप्पा — जरा थांबा. आता आपण व्याही होणार, व्याह्याला अंधारात ठेवून चालत नाही. त्या मुंगीचं मी म्हणालो ना, काळी, लहानशी — ती मुंगी रचलेली आहे.

जा आता. सरला, दार लाव.