लतावहिनीचे बारा सोमवार

चहा निवला तर निवू दे, आधी आमच्या आटगावच्या लतावहिनीचं ऐका. बेचाळिसाव्या वर्षी घरी बसून बीए करते. शिष्यवृत्ती नाय मिळाली, तर शिक्षण बंद. आणि शहापूरच्या ऑफिसातल्या क्लार्कचं एकच पालुपद, "बाई, हजेरीचा दाखला आणा."

"अवो भाऊ, आमचं कॉलेज घरीच. हजेरी कोन घेनार, सासू?"

"नियम म्हणजे नियम. पुढच्या सोमवारी या."

असे अकरा सोमवार गेले. खोटं वाटत असेल तर तिथल्या शिपायाला विचारा. बाराव्या सोमवारी वहिनीने दारावरचं भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर उचललं आणि थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटलं.

"साहेब, ही घ्या हजेरी. बारा सोमवार, बारा सह्या, एक खाडा नाय."

साहेबांनी सह्या मोजल्या आणि क्लार्ककडे बघितलं. "अहो, घरी शिकणाऱ्यांना हजेरी लागते, हे कुठल्या नियमात आहे?"

अर्ज तिथल्या तिथे मंजूर!

पुढच्या सोमवारी वहिनी पेढे घेऊन हजर. क्लार्क दचकला. "बाई, आता काय राहिलं?"

रजिस्टरमध्ये सही ठोकत वहिनी म्हणाली, "अवो, पास झाल्याबिगर कॉलेज सोडतं का कोन?"