डाव्या बाजूचा पाटा

लिहा, पन आधी चहा घ्या, मंग लिहा. माझं नाव दामू, सारे दामू मिस्त्री म्हनतेत, पूर्न नाव फक्त रेशनकार्डावर हाये. जलम सुलतानपूरचा, लोनार तालुक्यातला. मायबाप शेतात राबत. माझं मन मातर लोखंडात, लोहाराचा भाता चालू झाला का मले भूक नाई लागे. लगन झालं आन् त्याच वर्सी सुमनले घेऊन इकडं नांदुऱ्याले आलो, पाटे बसवाचं काम शिकलो आन् पुढं सोताचं दुकान टाकलं. पाटे म्हंजे काय, तं ट्रकाच्या चाकावर लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या असतेत नाई का, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या, त्या. साऱ्या गाडीचं वजन त्याच्यावर. पाटा तुटला का गाडी बसली.

आन् काय सांगू तुम्हाले, उभ्या जलमात म्या गाड्या वरच उचलल्या. कापसाचे दिवस आले का गाडीवाले रांग लावत, मिस्त्री, पाटा वाढवा, माल जास्त भरा लागते. वाढवला. त्यात माझी एक खोड होती, खोड म्हना का हुशारी म्हना. आपल्याकडचा रस्ता मधात उंच आन् कडंले उतरता, म्हनून भरलेली गाडी डावीकडं झुकते. तं मी काय करो, कोनी सांगो का न सांगो, डाव्या बाजूले एक पाटा जास्त टाको. गाडीवाले म्हनत, दामूची गाडी झुकत नाई. आपल्याले बी गुदगुल्या होत, खोटं काऊन बोलू?

आता नामदेवभाऊचं सांगतो. नामदेवभाऊ म्हंजे डायवर, माझ्या दुकानाचं पयलं गिऱ्हाईक, मंग दोस्त, मंग भावासारखा. त्याची गाडी जुनी, नाकवाली, म्हंजे इंजिन समोर नाकावानी निघालेलं, तसल्या गाड्या आता पाहाले भेटत नाईत. म्हातारपनी गाडी बंद पडली, घरामांगं उभी, तिच्या टपावर कोंबड्या बसत. लोकं म्हनत भंगारात दे. हा म्हने नाई. दोन वर्सं लागला तिच्यामांगं, इंजिन केलं, लाकडी बॉडी नवी केली, नाकाले लाल रंग देल्ला. लोकं म्हनत म्हातारा सटकला.

मंग एक दिवस आला दुकानात, बसला, पानी पेला आन् म्हने, दामू, गाडी खाली बसवा लागते. मले काई समजलंच नाई. म्या म्हन्लं खाली म्हंजे? म्हने खाली म्हंजे खाली, पाटे कमी कर. अस्सा राग आला मले! म्या म्हन्लं अबे, जलमभर मी गाड्या उभ्या केल्या आन् तू मले गाडी लोळवाले सांगतं? त्या पोट्ट्यायच्या मोबाइलातल्या गाड्या पाहून बिघडला काय बे? राग शांत झाला माझा तवा तो हळूच म्हने, कौसल्याले चढता येत नाई रे.

कौसल्या वयनी, त्याची बायको. माहेर जानेफळचं. लगन झालं तवा यानं बोलून ठेवलं होतं, तुले आखाजीले माहेरी माह्या गाडीतून नेईन. आखाजी म्हंजे अक्षय तृतीया, ती आली का पोरी माहेरी जातेत, झोके बांधतेत, आमच्याकडं मोठं असते ते. पन दर आखाजीले याची गाडी कोठी ना कोठी माल घेऊन. वयनी जाये यष्टीनं. दर दसऱ्याले गाडीच्या नाकाले कुंकू लावे, नारळ फोडे, पन केबिनीत पाय म्हनून कधी ठेवला नाई. आता याच्यापाशी वेळच वेळ आन् तिचे गुडघे गेले. डाक्टर म्हने छाती कमजोर हाये, आपरेशन झेपनार नाई. जानेफळले तिचा भाऊ हाये, तो बी थकला, निरोप धाडे का यंदा आखाजीले येऊन जाय, पुढचं कोनी पाह्यलं.

स्टूल ठेवून पाह्यलं, ते घसरलं. लोंबती पायरी जोडली, ती हाले तं वयनीचा पाय थरथरे. म्या म्हन्लं उचलून बसवू, तं वयनी भडकली, म्हने मी काय कापसाची गठान हाओ का? म्या म्हन्लं मंग भाड्याची कार करा. तं म्हने भाऊजी, खालून पाह्यली ही गाडी जलमभर, एकदा वरून रस्ता पाहू द्या ना.

वयनीले दुकानात आनलं. म्या म्हन्लं दाराची चौकट धरा आन् पाय उचला, दुखलं का थांबा. जिथलोग पाय गेला तिथी म्या चौकटीवर खडूनं रेघ मारली. मंग गाडीची पायरी मोजली. रेघेपरस सहा बोटं वर. सहा बोटं गाडी खाली आनाची, एवढंच काम.

एवढंच म्हनतो, पन हात ऐकत नव्हते. कमान चपटी कराची म्हंजे जिथी उंच ठेवासाठी घाव घालाची सवय, तिथीच उलटे घाव घालाचे. तीन दिवस ठोकत होतो. नामदेवभाऊ समोर बसून राहे, म्हने हळू रे, जुनं हाये ते. म्या म्हन्लं तू गप, गाडी चालवाले तू आन् ठोकाले मी.

आखाजीच्या आदल्या दिवशी वयनी आली. नवं लुगडं, हातात कुंकवाची डबी. गाडीच्या नाकाले कुंकू लावलं, दार धरलं, पाय उचलला. पायाचा अंगठा पायरीले आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. दोन बोटं कमी. तोल गेला तं भाऊनं मांगून धरलं. वयनी हासली, पन ते हासनं मले पाह्यवलं नाई. म्हने राहू द्या भाऊजी, तुमी लय केलं, माह्या गुडघ्यायचंच नशीब फुटकं. आन् तिनं डबीचं झाकन लावून टाकलं.

मले काई समजे नाई, मोजून केलेलं काम. समोर जाऊन उभा राह्यलो तं गाडी मले वाकडी दिसली, डावी बाजू वर. खाली वाकून पाटे मोजले. उजवीकडं सहा, डावीकडं सात. इच्याबिन! कोनी सांगलं नव्हतं, म्या ठरवलं नव्हतं, हातानं आपल्या मनानं डावीकडं एक जास्त टाकला होता. आन् वयनी चढनार डावीकडूनच.

खरं सांगतो, गप राहाले काई लागत नव्हतं. तिनं सारं आपल्या गुडघ्यायवर घेतलं होतं, भाऊले बी तसंच वाटलं. पन म्या म्हन्लं, वयनी, तुमचे गुडघे चांगले हायेत, माहा हात चुकला. बसा इथी, जाऊ नका.

दुपारचं ऊन, वयनी निंबाखाली बाजीवर, भाऊ माह्यासंगं गाडीखाली, पाना देई, बोल्ट धरी. चार घंट्यात तो सातवा पाटा बाहेर. मंग वयनी उठली, दार धरलं, पाय उचलला आन् बसला पायरीवर, अलगद. दुसरा पाय आत. बसली सीटवर. तिनं पदरानं काच पुसली आन् म्हने, अवो, रस्ता लय दूरलोग दिसते इथून. नामदेवभाऊ टायराले हात लावून तिथीच खाली बसला, रडला लहान लेकरावानी. मी बी रडलो, लाज कायची?

दुसऱ्या दिवशी गेले जानेफळले. नामदेवभाऊ सांगे, सासरवाडीच्या पोरायनं गाडीभोती गर्दी केली, साळ्यानं भरल्या डोळ्यानं बहिनीचा हात धरून तिले उतरवलं. येताना तिनं माह्यासाठी पुरनाच्या पोळ्या आनल्या, फडक्यात बांधून.

ती चौकटीवरची रेघ मी पुसली नाई. सातवा पाटा बी तिथीच खिळ्याले टांगून हाये, पाहा, तो. आता मी काम कमीच करतो, करतो ते मोजून करतो. सुमन जाऊन पाच वर्सं झाली. ती होती तं दुपारी दुकानाच्या दारात येऊन म्हने, जेवले का. ती गेली आन् ते इचारनारं कोनी उरलं नाई, पोरं फोन करतेत पन ते तब्येतीचं इचारतेत.

आता बजाराच्या दिवशी नामदेवभाऊची गाडी इथून जाते, पायी चालल्यावानी हळू. खाली बसलेली गाडी, वयनीचं तोंड माह्या तोंडासमोर येते. ती काचेतून वाकून म्हनते, भाऊजी, जेवले का? मी हातोडा खाली ठेवतो आन् म्हनतो, हाव वयनी, जेवलो. कधी जेवलेला असतो, कधी नसतो. पन पोट भरते माहं. देव त्या दोघायले अशेच फिरवत ठेवो. चहा थंडा झाला तुमचा, थांबा, दुसरा सांगतो.