गवतावरचं दव

तपासणीसाठी भरलेल्या ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन हान्या बसची वाट पाहत होती. शेजारी गळाच्या काठ्या घेतलेले दोन म्हातारे बसले होते.

"यंदाही ओढ्यात एकही पाइक मासा नाही, झेनॉन."

"तिसरं वर्ष."

"बीव्हरांनी फांद्या कुरतडून घातलेला बांध फोडला की मासा वर चढेल, असं तूच म्हणालास."

"आणि कुदळ कोणी आणली, बोगुश?"

"मीच. पण मासा तर आधीच वर होता. बांधामुळे कुरणात साचलेल्या पाण्यात, बुडालेल्या गवताला चिकटवून अंडी घालत होता."

"मला काय ठाऊक?"

"पाणी उतरल्यावर तू कुरणातूनच घरी गेलास ना? काही दिसलं नाही?"

"पातीपातीला थेंब होते. मला वाटलं, दव."

"भर दुपारी?"

"बस आली वाटतं."

हान्याने मान वळवली. रस्ता रिकामा होता.