डाव्या गालाची गाडी

अहो, दिवे म्हणजे काय, दोनच तर बसवायचे! एक इकडं, एक तिकडं… पण नाही! तुम्हाला सांगते, इंग्लंडातल्या वर्कसॉप गावात एक होता डेस्मंड, एक होती त्याची बायको बेरिल, आणि दोघांच्या गॅरेजात होती एक मोटार, चार वर्षं झाली तरी अजून जन्मायचीच! सुटे भाग मागवून घरीच जोडलेली, टप नाही, दारं नाहीत. दर रविवारी दोघं तिच्यात बसून चहा घ्यायची, जागच्या जागी! बेरिलचं एकच मागणं: मरायच्या आत हिच्यातून एकदा समुद्रावर ने.

नेणार कसा? आधी सरकारी तपासणी! तपासनीस आला, फीत लावली, म्हणाला, "आजोबा, डावा दिवा दोन बोटं खाली. नापास."

डेस्मंड पांढराफटक! "अहो साहेब, मी मोजलंय! तीनदा मोजलंय!"

तपासनीस गेला, यानं पुन्हा मोजलं. मडगार्डच्या कडेपासून इकडं नऊ इंच, तिकडं नऊ इंच. मग वाकडं कुठाय? जेवेना, झोपेना. शेवटी म्हणतो कसा, "आता नापास झाली ना बेरिल, तर करवतीनं तुकडे करीन!" हा बोलला की करणारा…

आता बेरिलनं चाळीस वर्षं लग्नाचे झगे शिवलेले. फार शाळा नाही, पण नजर? विचारू नका! गाडीसमोर उभी राहिली, मान तिरकी केली. "अरे, हिचा डावा खांदा उतरलाय."

"खांदा? गाडीला? साच्यातून निघालीय ती!"

"मग साचा वाकडा."

"मी मोजलंय, बेरिल!"

"कुठून मोजलंस? तिच्याच अंगावरून ना? अरे, नवरी कंबरेत वाकडी असली तर झग्याची खालची कड कंबरेवरून मोजतात होय? जमिनीवरून वर मोजतात!"

आणि बसली की गुडघ्यावर, बहात्तराव्या वर्षी! तोंडात टाचण्या नव्हत्या एवढंच! पाणसळ ठेवून फरशी सपाट आहे का बघितलं, खालच्या लोखंडी सांगाड्याच्या मधोमध दोरा ताणला, दुसऱ्या दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला, खडूनं खुणा केल्या. आणि काय निघालं? डावं मडगार्डच चांगलं दोन बोटं खाली! चार वर्षं हा वाकड्यावरून सरळ मोजत होता! डेस्मंड रंगाच्या डब्यावर मटकन बसला. "चार वर्षं… हिचा डावा गाल ओघळलेला… आणि मला दिसला नाही?"

"लग्नाला पन्नास झाली, माझा चष्मा बदललेला दिसला का तुला?"

दिव्याची जुनी भोकं बुजवली, नवी पाडली. ड्रिल फिरताना दोघांचे डोळे मिटलेले, आता बोला!

तपासनीस पुन्हा आला. फीत इकडं… फीत तिकडं… खाली वाकला, पुन्हा मोजलं…

"पास."

डेस्मंड ढसाढसा रडला. साहेब म्हणाले, "आजोबा, इतके नेमके दिवे वर्षात बघितले नाहीत. मोजलं कुणी?"

डेस्मंडनं नाक पुसलं, छाती काढली. "मी मोजलंय, साहेब!"

ऐकलंत? बेरिलनं तोंड उघडलं… आणि मिटलं. काय करता? समुद्र सत्तर मैल, आणि तिला गाडी चालवता येत नव्हती!