सुपारी कातरेपर्यंत

औरंगपुऱ्यात गारखेड्याच्या बसची वाट बघत होतो. पुढं एकाच उस्तादांचे दोन म्हातारे शागीर्द बोलत होते.

"आवडाबाई, उस्तादांनी शेवटच्या बंदिशीची अस्थाई दिली, अन् अंतरा सांगायच्या आधीच गेले. तीस वर्षं आपण अर्धीच गातोय."

"व्हय."

"मी अंतरा बांधलाय. उद्या बरसीला गाऊ का?"

"गा की, अन्सार. चांगलाच असंल."

"मग डोळे का पुसता?"

"काय नाय रे. अस्थाई दिली की ते सुपारी कातरत बसायचे, मग अंतरा सांगायचे. दर बरसीला आपण थांबलो की मला वाटतं, अजून कातरतायत."





"उद्या अस्थाईच गाऊ, बाई. कातरू द्या त्यांना."